आमच्या आक्का

तुम्ही तुमच्या आजींबद्दल लिहिलेलं वाचलं आणि आमच्या आक्का, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, डोळ्यांसमोर आल्या. तुम्ही म्हणता तसं त्या पिढीच्या बायका देवपूजेतच रमल्या, हे मात्र मला पटत नाही. आक्कांची कोल्हापूरच्या अंबाबाईवर अपार श्रद्धा. किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीच्या चरणांवरून मुखापर्यंत चढताना त्या हात जोडून उभ्या असायच्या. पण तिथून निघाल्या की पिशवी उचलून थेट सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात. बाहेरगावच्या पेशंटच्या नातेवाइकांना भाकरी न्यायच्या, वर्षानुवर्षं. भाकरी दुमडून मधे झुणका आणि वर मिरचीचा खर्डा, कागदात घट्ट बांधलेला. रडणाऱ्या बाईच्या हातात पुडी देऊन म्हणायच्या, "आदी खा बाई, मग बोलू."

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. गुडघे धरलेले, तरी खुर्चीवर बसून परातीत पीठ मळत होत्या. आम्ही सुना-नातसुना थापायला आणि भाजायला. शेजारच्या पोरांनी भाकऱ्या पूरग्रस्तांच्या छावणीत पोचवल्या. त्या दिवसांत घरातली आरती उशिरा व्हायची आणि आक्कांना त्याचं काहीच वाटत नसे.

सुना, लेकी, नातवंडं, पतवंडं, सगळ्यांना धरून राहिल्या. त्यांना जाऊन फार दिवस झाले नाहीत. परवाच सीपीआरच्या दारातल्या चहावाल्यानं विचारलं, "आज्जी दिसंनात?" मला उत्तर देता आलं नाही. या आठवड्यापासून पिशवी घेऊन मी जाते आहे.