मदत हवी: धुळे-जळगावात फ्लुसायटोसिन (बुरशीवरचं औषध) कुठे मिळेल?
पेशंटला एचआयव्ही, सीडी४ (प्रतिकारपेशी) फक्त ४२, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात क्रिप्टोकॉकस (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी बुरशी). बुरशीवरचंच लायपोसोमल अँफोटेरिसिन १० मिग्रॅ/किलो, एकच डोस, दिलाय. फ्लुकोनॅझोल १२०० मिग्रॅ रोज चालू. अडलंय फ्लुसायटोसिनपाशी: १०० मिग्रॅ/किलो रोज, चार वेळांत विभागून, १४ दिवस. नाहीच मिळालं, तर लायपोसोमल अँफोटेरिसिनच ३-४ मिग्रॅ/किलो रोज, १४ दिवस द्यावं लागेल. त्याचा साठा कुणाकडे आहे?

डोकेदुखी दाबाची. पाण्याचा दाब ३४ सेंमी होता, २०च्या खाली येईपर्यंत पाणी काढलं. पुन्हा काढायचंय, पण ‘पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात’ म्हणून घरचे अडून बसलेत. अहिराणीत नीट समजावणारं कुणी आहे का? डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) सुचवू नका, यात ते घातकच. एआरटी (एचआयव्हीची औषधं) ४-६ आठवडे थांबूनच सुरू करायची, नाहीतर सूज उसळते.