मदत हवी आहे: भाच्याला 'डूम' घेऊन द्यावा का?

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत बहिणीकडे आलोय. भाचा अकरावीत आहे, त्याला २०१६चा 'डूम' हा राक्षसांवर गोळीबार करायचा व्हिडिओ गेम हवाय. ताई म्हणते, "तूच बघ बाबा, मला त्यातलं काही कळत नाही."

मी स्वतः खेळून पाहिला. खेळ म्हणून जबरदस्त आहे. आडोशाला लपून जीव परत भरत नाही. अर्धमेल्या राक्षसाला हातांनी फाडलं की त्यातूनच आरोग्य मिळतं, म्हणजे घाबरलात तरी पुढेच घुसायचं. मिक गॉर्डनचं संगीत तर अंगात भिनतं. पण गोम अशी की ही फाडाफाडी शोभेला नाही, खेळाचा कणाच आहे. युरोपात त्यावर १८+ची पाटी आहे. शिवाय दारं बंद, राक्षस मारा, दारं उघडा, हे उत्तरार्धात कंटाळवाणं होतं. कथा यथातथाच.

समोर नरकातून मंगळावर आलेले राक्षस आहेत, जिवंत माणसं नाहीत, म्हणून मला फारसं खटकत नाही. ताईला रक्त बघवत नाही.

तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांची मुलं असे खेळ खेळतात का? वेळेचं काय ठरवलंत? आणि कमी रक्तपाताचा पण इतकाच वेगवान एखादा खेळ असेल तर नक्की सुचवा. भाचेसाहेब रोज विचारतायत!