मदत हवी आहे: गण १३ मध्ये आयनीभवन ऊर्जा खाली जाताना वर-खाली का होते?

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे रात्री बसून मीच तिला समजावते. आवर्तात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतला सर्वात सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, वाढते, गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना कमी होते, इथपर्यंत ठीक. बेरिलियम (८९९ किलोज्यूल प्रति मोल) आणि बोरॉन (८०१) यांचा अपवादही पटला: बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन २एस पेक्षा वरच्या ऊर्जेच्या २पी उपकवचात, म्हणून काढायला सोपा. नायट्रोजन-ऑक्सिजनचंही तसंच, ऑक्सिजनमध्ये एका ऑर्बिटलमध्ये जोडी होते आणि प्रतिकर्षण वाढतं.

अडलोय ते गण १३ ला. किलोज्यूल प्रति मोलमध्ये आकडे असे: बोरॉन ८०१, अॅल्युमिनियम ५७८, गॅलियम ५७९, इंडियम ५५८, थॅलियम ५८९. गॅलियमला एक कवच जास्त, तरी ऊर्जा अॅल्युमिनियमएवढीच! मधले दहा ३डी इलेक्ट्रॉन केंद्रकाचं आकर्षण नीट झाकत नाहीत, असं कारण मी तिला सांगितलं. थॅलियमला ४एफ चे चौदा. पण तिने लगेच विचारलं, "आई, मग इंडियमलाही ४डी चे दहा आहेत की, त्याची का कमी झाली?" मला उत्तर देता आलं नाही, आणि प्रश्न तर अगदी बरोबर आहे.

अॅल्युमिनियम ते गॅलियम जाताना दहा डी इलेक्ट्रॉन नव्याने येतात, गॅलियम ते इंडियम जाताना ते दोघांकडेही असतात, म्हणून फरक पडतो, हा माझा तर्क बरोबर आहे का? थॅलियममध्ये सापेक्षतेचा परिणाम (जड अणूत आतले इलेक्ट्रॉन फार वेगाने फिरतात, त्यामुळे होणारा) कितपत धरायचा? रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणी सोप्या मराठीत सांगितलं तर फार बरं होईल. शुक्रवारी तिची चाचणी आहे.