ट्रेलरवरून नेता येईल अशी शिडाची बोट: ऑस्टिनकरांना सल्ला हवा आहे

खाडीवारा

नमस्कार मंडळी. ऑस्टिनला राहतो. १५ ते २२ फुटांची जुनी शिडाची बोट घ्यायचा विचार पक्का झाला आहे. घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं, वयं ९ आणि १२. बोट बहुतेक वेळा ट्रॅव्हिस तळ्यात (लेक ट्रॅव्हिस) आणि अधूनमधून रॉकपोर्टला अरान्सास बे या समुद्राच्या खाडीत चालवायची आहे. गाडी होंडा पायलट, टू-व्हील ड्राइव्ह, ओढायची मर्यादा ३,५०० पौंड. बोट घरीच ड्राइव्हवेवर राहील. जाहिरातींत कॅटालिना २२ सगळ्यात जास्त दिसते, मग मॅकग्रेगर २६. यांतलं काय घ्यावं? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं?

डोलकाठी

आधी वजनाचा हिशेब करा, बोटीचं नाव नंतर. कॅटालिना २२ चं कंपनीने छापलेलं वजन सुमारे २,२५० पौंड, ते रिकाम्या बोटीचं. ट्रेलर ८५० धरा. इंजिन ६०, पेट्रोल २५, बॅटरी ५०, नांगर आणि साखळी ३०, १० गॅलन पाणी ८५, शिडं, गाद्या, लाइफ जॅकेट आणि किरकोळ सामान २००. झाले ३,५५०. म्हणजे घरातून निघतानाच तुमच्या पायलटची मर्यादा ओलांडली. शिवाय ट्रेलरच्या जिभेवर (गाडीला जोडायच्या दांड्यावर) एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला हवा. तो ३५० पौंड आणि आत बसलेली चार माणसं, हे सगळं गाडीच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतं. जिभेवरचा भार कमी केला तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, त्यामुळे ती पळवाट नाही.

मॅकग्रेगर २६ म्हणजे एक बोट नव्हे. २६एक्स आणि २६एम या ५० हॉर्सपॉवरचं इंजिन लावायच्या बोटी, सामानासकट तुमच्या मर्यादेबाहेर जातात. त्याआधीच्या २६डी आणि २६एस मात्र रिकाम्या सुमारे १,६५० पौंडांच्या. पाण्यात उतरल्यावर झडप उघडून तळातली टाकी पाण्याने भरायची, तेच वजन बोटीला सरळ ठेवतं, वर काढताना रॅम्पवर रिकामी करायची. ओढायला सोप्या, पण टाकी अर्धवट भरलेली असताना शीड चढवलं तर बोट उलटू शकते. मुलं बरोबर असताना हा नियम कधीही मोडायचा नाही. २६ फुटांची बोट ड्राइव्हवेत मावेल का, तेही मोजून बघा.

तुमच्या गाडीला खरं तर १,००० ते १,३०० पौंडांची बोट शोभते. वेस्ट वाइट पॉटर १९ (१,२२५ पौंड) किंवा प्रिसिजन १८ (१,१०० पौंड). ट्रेलर आणि सामान धरून २,००० ते २,३०० पौंडांत बसतात.

उथळपाणी

वजनाबद्दल वाद नाही. रॉकपोर्टसाठी मात्र बोट किती पाण्यात तरंगते, आणि खाली टेकली तर काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अरान्सास बे उथळ आहे आणि कालवांचे (शिंपल्यांचे) खडक जागोजागी.

पॉटर १९ ची डॅगरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी पाटी) वर घेतली की बोट जेमतेम ६ इंच पाण्यात तरंगते, किनाऱ्यावर पार नाक लावता येतं. पण ती पोलादी पाटी सरळ वर-खाली होते. ५ नॉटच्या वेगात खडकाला लागली तर मागे वळू शकत नाही. सगळा धक्का पाटीच्या खोबणीला बसतो. पाटी वाकली तर वर येत नाही, आणि वर न येणारी पाटी म्हणजे ट्रेलरवर न चढणारी बोट. प्रिसिजन १८ ला दीड फूट पाणी लागतं, पण तिची सेंटरबोर्ड खिळीवर फिरते. टेकली की मागे सरकते आणि तुम्हाला सूचना मिळते. म्हणून अरान्सास बेसाठी मी प्रिसिजन निवडेन. फक्त ट्रॅव्हिसवर चालवायची असती तर पॉटर.

आणखी एक. तिथला उन्हाळी वारा आग्नेयेकडून दुपारनंतर १५ ते २० नॉट सहज चढतो. मोठ्या शिडाला रीफच्या (जोराच्या वाऱ्यात शीड बांधून लहान करायच्या) निदान एका ओळीची सोय आहे का, दोर ओवलेले आहेत का, ते बघा. १२ नॉटच्या आसपास रीफ घेतलं की एवढ्या हलक्या बोटी उलट जास्त नीट चालतात, सुकाणूवरचा ताण उतरतो.

मचवा

मी थोडं उलट सांगतो. चार माणसांना १८ फुटी बोटीत तीन तासांनी कंटाळा येतो, कॉकपिट (बसायची उघडी जागा) लहान असतं. कॅटालिना २२ चं कॉकपिट खरंच ऐसपैस. ती घरी न ठेवता तळ्याकाठच्या यार्डात डोलकाठी उभी ठेवून पार्क करा, आणि वर्षातून एक-दोनदा रॉकपोर्टला न्यायची तर मोठी गाडी भाड्याने घ्या. मात्र भाड्याच्या गाडीने ट्रेलर ओढायची परवानगी आहे का, ते करारात वाचा. बऱ्याच कंपन्या देत नाहीत.

ट्रेलरच्या बोटींचा खरा शत्रू असतो तयारीचा वेळ. डोलकाठी उभी करणं, तिला धरणाऱ्या तारा ताणणं, बूम (शिडाखालची आडवी काठी) आणि शिडं चढवणं, यात कॅटालिनाला सवयीनंतरही तास-सव्वा तास जातो आणि उतरवताना तेवढाच. डोलकाठी उभी ठेवता आली की हे काम १५ मिनिटांवर येतं.

घेतलीत तर स्विंग कीलवाली (तळाचं वजनदार पातं म्हणजे कील, ती वर-खाली फिरणारी) घ्या आणि कीलकडेच सगळ्यात आधी बघा. ५५० पौंडांचा बिडाचा तुकडा एका खिळीवर आणि एका वायरवर लटकतो. बोट ट्रेलरवर असताना कीलचं टोक हाताने डावी-उजवीकडे हलवा. खडखड होत असेल तर खिळ किंवा तिचं भोक झिजलं आहे. आत पायरीखाली विंच आहे. वायरचे धागे तुटलेले असतील तर लगेच बदलायची, कारण ती तुटली की कील धाडकन खाली येऊन तिच्या खोबणीला तडा देते. वायर बोटीत शिरते तिथे एक उभी नळी आणि तिच्यावर रबरी होज असतो. होज कडक, भेगाळलेला असेल तर बोट पाणी घेणार. हे सगळे सुटे भाग कॅटालिना डायरेक्टकडे आजही मिळतात. विंचची मूठ कधीही मोकळी सोडायची नाही. ब्रेक झिजलेला असला तर ती गरगर फिरून मनगट मोडते.

खाडीवारा

सर्वांचे आभार. ड्राइव्हवे सोडायचा नाही म्हणून कॅटालिना बाद. पुढच्या शनिवारी एक प्रिसिजन १८ बघायला जातोय. सोबत ५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि मूळ ट्रेलर. कुठून सुरुवात करू?

डोलकाठी

डेकपासून. अनवाणी चाला, कुठे दबतं ते पायाला कळतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा. टक् टक् असा कोरडा आवाज आला तर ठीक. आवाज बसका झाला तर आतलं लाकूड ओलं किंवा कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. डोलकाठीच्या पायाभोवती आणि जिथे जिथे बोल्ट डेकमधून जातो तिथे जास्त ठोका, पाणी तिथूनच शिरतं.

मग डोलकाठीला धरणाऱ्या तारा. टोकाच्या धातूच्या नळीत तार जिथे शिरते तिथे बोटावर टिश्यू पेपर गुंडाळून फिरवा, तुटलेला धागा कागदात अडकतो. एक जरी अडकला तर संपूर्ण तारांचा खर्च किमतीतून वजा करा.

विकणाऱ्याला डोलकाठी तुमच्यासमोर उभी करायला सांगा आणि घड्याळ लावा. तारा डोलकाठीच्या बिजागराच्या रेषेत नसतील तर ती अर्ध्यावर असताना सैल पडतात आणि काठी बाजूला झुकते. त्यावर दोन तात्पुरत्या आधारतारा लावतात, त्या सोबत आहेत का विचारा. टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) आडवं अडकून वाकण्याचा प्रकार नेहमीचा, सगळे एकेक करून बघा. आणि उभी करण्याआधी वर बघा. विजेच्या तारेखाली ॲल्युमिनियमची काठी जीव घेते. रॅम्पवरून यार्डात नेतानाही हेच.

इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा. शाफ्ट २० इंची हवा. १५ इंची असेल तर लाटेत पंखा हवेत येतो आणि नेमक्या नको त्या वेळी बोट पुढे सरकत नाही.

उथळपाणी

ट्रेलर विसरू नका, रस्त्यात दगा तोच देतो. टायरवर छापलेल्या डीओटी (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांवरचे टायर टेक्सासच्या उन्हात फुटतात. जॅक लावून चाक फिरवा आणि हलवा. घरघर किंवा ढिलाई म्हणजे बेअरिंग गेलं. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आत पोकळी होऊन पाणी ओढलं जातं, म्हणून रॅम्पवर पोचल्यावर थोडं थांबून मग बोट उतरवा. रॉकपोर्टच्या पहिल्या फेरीत दर तासाला थांबून हबला हात लावा. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. परत आल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवायचा, ब्रेक असतील तर तेसुद्धा.

कागदपत्रं वेगवेगळी असतात. बोटीचं टायटल (मालकीचा कागद), इंजिनचं वेगळं टायटल (दोन्ही टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे) आणि ट्रेलरचे कागद मोटार वाहन खात्याचे. बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला १२ अक्षरी नंबर असतो, तो टायटलशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिनचा नंबरही. एक जरी टायटल विकणाऱ्याच्या नावावर नसेल तर ते होईपर्यंत पैसे देऊ नका. मुलांसाठी: २६ फुटांखालच्या चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्यांनी लाइफ जॅकेट घातलेलंच असायला हवं, तुमची दोन्ही मुलं त्यात येतात.