गाओकाओतलं इंग्रजी श्रवण : तीन पर्यायांतून खरंच काही कळतं का?

शब्दवेध
चीनमधल्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीला 150 गुण. सध्याच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत वाचनाला 50 आणि श्रवणाला 30. श्रवणाचे 20 प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, प्रत्येकाला तीनच पर्याय. कानात बोळे घालून कुठल्याही पर्यायावर खुणा केल्या तरी सरासरी 10 गुण पदरात पडतात! पर्याय छापील असल्यामुळे भरभर वाचणाऱ्याला संवाद सुरू होण्याआधीच विषयाचा अंदाज येतो. याला मी श्रवणाची चाचणी म्हणणार नाही. ऐकलेलं लिहून घ्यायला लावा. हाँगकाँगच्या डीएसई या शालान्त परीक्षेत मुलं ध्वनिफीत ऐकताना टिपणं काढतात, रकाने भरतात आणि पुढे त्यावरच लेखन करतात.

मुळाक्षर
हाँगकाँगचं गणित वेगळं आहे. 2024 साली गाओकाओसाठी 1 कोटी 34 लाख विद्यार्थ्यांची नोंदणी होती. इतकी लेखी उत्तरं एकाच मापाने तपासणार कशी? आणि लिहून घेतलं की निखळ श्रवण कळतं, हेही खरं नाही. ‘टू बुक्स’मधला शेवटचा ‘स’ ऐकू न आलेला मुलगाही व्याकरणाच्या जोरावर तो बरोबर लिहितो. उलट ‘वेन्सडे’ नीट ऐकलेली मुलगी स्पेलिंग चुकते आणि तिचा गुण जातो. तुम्ही वाचनाची भेसळ काढून लेखनाची घालताय.

शब्दवेध
याच प्रश्नपत्रिकेत 40 गुणांचं लेखन माणसं तपासतातच ना? वीसपैकी पाच प्रश्न लेखी ठेवले तर आभाळ कोसळणार नाही. उच्चार तोच राहत असेल तर चुकीचं स्पेलिंग चालवायचं आणि संख्या अंकांतच लिहायच्या, हे तपासनिसांच्या सूचनांत आधीच घाला. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्दावयवाच्या (सिलेबलच्या) शेवटी ट, ड, क येतच नाहीत, त्यामुळे मुलांच्या कानातून नेमका शब्दाचा शेवट निसटतो. अमेरिकी उच्चारात ‘कॅन’ की ‘कॅन्ट’, इथे वाक्याचा अर्थच उलटतो. मुलगा तिथे अडला की नाही, हे पर्यायाच्या खुणेवरून कधीच कळणार नाही.

ओवी
तुम्ही दोघंही गुणांवर अडलात. शिक्षकाला हवंय ते वेगळं : मूल अडतं कुठे? त्यासाठी वर्गात करता येण्याजोगी पद्धत सांगते. सारख्या काठिण्याचे, साधारण 200 शब्दांचे दोन उतारे घ्या. अर्धा वर्ग पहिला उतारा ऐकेल आणि दुसरा वाचेल; उरलेला अर्धा उलट करेल. एकच उतारा आधी ऐकवून मग वाचायला दिला तर आठवणीमुळे निकाल बिघडतो. प्रश्न आणि उत्तरं चिनी भाषेतच ठेवा, म्हणजे इंग्रजी लेखन मध्ये येत नाही. वाचून जमतं पण ऐकून जमत नाही, तर दोष ध्वनी ओळखण्यात किंवा सलग बोलण्यातून शब्द सुटे करण्यात. दोन्हीकडे गाडी अडली, तर आधी शब्दसंग्रह आणि वाक्यरचना पाहा. मात्र एका उताऱ्यावरून एकेका मुलावर शिक्का मारू नका. वर्गाचा कल पाहायला ही पद्धत चांगली.

प्रश्नही नेमके निवडा. बोली मँडरिनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, म्हणून ‘हे कोणी केलं’ असा एक प्रश्न हवाच. मोठ्या संख्या तिथे दहा हजारांच्या पटीत मोजतात. ‘थ्री हंड्रेड थाउजंड’ मनात ‘तीस दहा-हजार’ करेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. (आपली मुलंही तिथे ‘तीन लाख’ करत थबकतात.) वाचनात अडचण निराळी. चिनीत विशेषण-वाक्य नामाच्या आधी येतं, आपल्या ‘काल आलेला माणूस’सारखं. इंग्रजीत ते मागून येतं आणि लांब वाक्यात कर्ता-क्रियापदाची जोडी हरवते.

मुळाक्षर
वर्गासाठी हे एकदम मान्य. प्रवेश परीक्षेत मात्र माझा आग्रह समान संधीचा. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, बाकीचे दोनदा. लाउडस्पीकरवर ऐकवत असतील, तर मागच्या बाकावर घुमणाऱ्या आवाजात शेवटचा ‘ट’ पकडायला लावणं हा अन्याय आहे. तीन पर्याय निदान तेवढं सांभाळून घेतात.

शब्दवेध
मग लाउडस्पीकर बदला, प्रश्न कशाला सोपा करता? बीजिंगने 2021 पासून श्रवण-संभाषणाची 50 गुणांची चाचणी संगणकावर नेली. हेडफोन लावून मुलं ऐकतात, नोंदी करतात, ऐकलेलं पुन्हा सांगतात. वर्षातून दोन संधी, त्यातले चांगले गुण धरतात.

मुळाक्षर
बीजिंगला परवडतं ते दुर्गम जिल्ह्यातल्या शाळेला परवडेल का? तिथे संगणक आणि सरावाची साधनं आधी पोहोचू द्या, मग प्रश्नांचं स्वरूप बदला. हा क्रम उलटला तर कानाऐवजी शाळेची ऐपत मोजली जाईल.