जेन्शियनच्या मुळाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आल्प्समधल्या एका खेड्याची गोष्ट अनुवादतेय. जेवण पचेना की तिथली आजी 'जेन्शियन'चं मूळ उकळून देते. एका मैत्रिणीने 'चिराईत' सुचवलं. चालेल का?

उत्तर : ताई, 'चिराईत' नको. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत आणि अमॅरोजेंटिन हे अतिकडू द्रव्य दोन्हींत सापडतं, म्हणून मैत्रिणीला ते सुचलं असेल. पण काडेचिराईत हिमालयातलं, आणि त्याच्या वाळक्या काड्या वापरतात. शिवाय आपल्याकडे 'ओलं किराईत' म्हणजे तिसरीच वनस्पती. वाचक नक्की गोंधळेल. 'कुटकी'ही नको, तीही उंच डोंगरातली कडू मुळी, पण कूळच वेगळं.

मी 'जेन्शियनचं मूळ' असंच ठेवलं असतं आणि वर्णनातून ते ओळखीचं केलं असतं. झाड कमरेएवढं किंवा त्याहून उंच, फुलं पिवळी, पानं समोरासमोर. हे समोरासमोर असणं फार महत्त्वाचं, कारण तिथेच उगवणाऱ्या विषारी व्हेराट्रमची पानं आलटून पालटून येतात, आणि फुलं नसताना दोन्ही सहज सारखी वाटतात. मूळ जाड, सुरकुतलेलं. हळूहळू वाळवलं की आतून तांबूस होतं. चघळल्यावर आधी किंचित गोडसर लागतं, मग कडवटपणा जिभेवरून हटत नाही. आजी जाणती असेल तर काढा जेवणाआधी देईल, कारण कडू चवीने लाळ आणि जठररस सुटतात.

नाव इलिरियाच्या (बाल्कनमधलं प्राचीन राज्य) गेंटियस राजावरून पडलं. हे मूळ त्यानेच शोधलं, असं प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. रोमनांनी या राजाला इ.स.पूर्व 168 मध्ये हरवलं.

आणखी एक जपा. गोष्ट मूळची जर्मन असेल तर 'एन्झियान' म्हणजे झाडही आणि त्याच मुळातली साखर आंबवून गाळलेली दारूही. त्या दारूच्या बाटलीवर बहुधा निळं फूल छापतात, पण मूळ येतं प्रामुख्याने पिवळ्या फुलांच्या जातीचं. तेव्हा आजीच्या अंगणात निळी फुलं रंगवू नका.

प्रश्न : मग तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं 'जेन्शन व्हायोलेट' याच मुळाचं का?

उत्तर : नाही. तो कारखान्यात बनलेला रंग आहे. जेन्शियनच्या निळ्या-जांभळ्या फुलांसारखा दिसतो म्हणून ते नाव. मुळाचा त्यात अंशही नाही.