‘ऋण प्रबलन’ आणि ‘शिक्षा’ यांत फरक काय?

अकरावीतल्या मुलीची आई
लेकीच्या मानसशास्त्राच्या सराव चाचणीत प्रश्न होता: गाडी सुरू केली की सीटबेल्ट लावेपर्यंत पीं पीं वाजतं, बेल्ट लावला की थांबतं, म्हणून माणूस बेल्ट लावायला लागतो. हे कशाचं उदाहरण? तिने ‘शिक्षा’वर खूण केली, मीही तेच केलं असतं. उत्तर निघालं ‘ऋण प्रबलन’. ऋण म्हणजे कर्ज एवढंच मला ठाऊक. इथे कोणी कोणाचं काय देणं लागतं?

निवृत्त मास्तर
ताई, कर्ज नव्हे, वजाबाकी. ऋण संख्या, ऋणाग्र यांतलं हे ऋण. पीं पीं वजा झाली म्हणून ऋण, आणि बेल्ट लावणं वाढलं म्हणून प्रबलन. असा प्रश्न आला की दोनच गोष्टी बघायच्या. काही दिलं की काढून घेतलं? आणि वागणं वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलनच, मग अनुभव कितीही त्रासाचा असो. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगाच्या पेटीत पायाखालचा विजेचा झटका बंद व्हावा म्हणून उंदीर दांडी दाबायला शिकतो. त्याला मजा येत नसते, पण दांडी दाबणं वाढतं.
उलट मोबाइल काढून घेतला आणि मुलाचं उशिरा घरी येणं कमी झालं, तर ती शिक्षा. आणि तीसुद्धा ऋण शिक्षा!

हौशी भाषांतरकार
मास्तरांशी सहमत, पण गोंधळाला शब्दही जबाबदार आहे. कुठे कुठे ‘नकारात्मक प्रबलन’ लिहिलेलं दिसतं. ‘नकारात्मक’ म्हटलं की मराठी कानाला ‘वाईट’च ऐकू येतं. वास्तविक 2020 मध्ये ‘पॉझिटिव्ह आला’ म्हटल्यावर अख्खी सोसायटी हादरायची, तेव्हाच हा धडा मिळायला हवा होता. त्यापेक्षा धन-ऋण बरे, त्यांत चांगल्या-वाइटाचा वास कमी.
आणि लेकीला रागावू नका. खुद्द स्किनरने 1938 च्या पुस्तकात ही संज्ञा शिक्षेच्या अंगाने वापरली होती. 1953 च्या पुस्तकात ती आजच्या अर्थाने आली.

रोजचा वाचक
मग सरळ ‘वजा बळकटी’ का म्हणत नाही?

हौशी भाषांतरकार
समजावताना जरूर म्हणा. पेपरात लिहिलं तर तपासणारा काय करेल, सांगवत नाही. शिवाय एवढ्यावर थांबता येणार नाही. कंडिशनिंगला, म्हणजे अनुभवातून वागणं घडण्याला, ‘अभिसंधान’ म्हणतात. संस्कृतात त्याचा एक अर्थ फसवणूक असाही आहे. घंटेनंतर खाणं मिळायची सवय लागलेल्या, प्रयोगातल्या पाव्हलॉवच्या कुत्र्याला नुसती घंटा ऐकवून खाणं दिलं नाही, तर तो हाच अर्थ घेईल. ‘साधक अभिसंधान’ (ऑपरंट कंडिशनिंग, म्हणजे वागण्याच्या परिणामांतून शिकणं) ऐकून तर मला डोळे मिटून बसलेला उंदीर दिसतो.

अकरावीतल्या मुलीची आई
😀 आता माझी चाचणी घ्या. काल दुकानात भाचा चॉकलेटसाठी रडला, यांनी घेऊन दिलं, तो गप्प. यांचं आणि भाच्याचं, दोघांचंही धन प्रबलन ना?

निवृत्त मास्तर
अर्धे मार्क. भाच्याचं धन: रडला, चॉकलेट मिळालं. यजमानांचं ऋण: चॉकलेट दिलं, रडं वजा झालं. पुढच्या खेपेला तो लवकर रडेल आणि हे लवकर पाकीट काढतील.

अकरावीतल्या मुलीची आई
लेक विचारतेय, दुकानदाराचं काय?

निवृत्त मास्तर
धन. तेही रोख.